आता सरकारने ओळख पटवावी

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पंतप्रधान त्या दिवशी तिथे होते. ज्यांच्याकडे दाखवायला एकही कागद नाही, त्यांना या बारा आकड्यांमुळे सरकारदरबारी नाव मिळेल, असे त्या दिवशी सांगितले गेले. महाराष्ट्राच्या एका टोकाच्या गावातून सुरू झालेली ही मोजणी देशभर पसरली. दहा बोटे, दोन डोळे, एक चेहरा. सरकारने आपल्याला ओळखायला सुरुवात केली आणि पंधरा वर्षांत ते काम जवळजवळ पुरे केले.

आज सरकार आपल्याला ओळखते. आता आपण सरकारला ओळखायची वेळ आली आहे. हे काम आम्ही हाती घेत आहोत.

आपण काय काय सिद्ध करतो ते एकदा पाहा. रेशनच्या दुकानात पॉस मशीनवर अंगठा ठेवतो. ऊस तोडून, विटा वाहून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत, तेही ठेवतात, पुन्हा पुन्हा ठेवतात. दर नोव्हेंबरला निवृत्तिवेतनधारक आपण जिवंत आहोत हे सिद्ध करतात. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटो काढणे सक्तीचे झाले. २०२५ साली लाडकी बहीण योजनेतल्या बायकांना ई-केवायसी करावी लागली, आणि त्यासाठी स्वतःच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधारही जोडावा लागला. शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, सगळीकडे ओटीपी, सगळीकडे पडताळणी. दीड हजार रुपयांसाठी बाईने आपले कुटुंब उलगडून दाखवायचे. पाच किलो धान्यासाठी म्हाताऱ्याने आपली त्वचा दाखवायची.

आणि समोरचा माणूस काय सिद्ध करतो? काहीच नाही.

अर्ज नामंजूर झाला तर कागद येतो, "आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे." कोणी केला? अनुदान थांबले. कोणी थांबवले? नाव यादीतून गेले. कोणाच्या बोटाने गेले? पोर्टलवर "प्रक्रियेत" असे लिहिलेले असते, किंवा "त्रुटी". कारकून म्हणतो, फाइल साहेबांकडे आहे. साहेब मीटिंगला गेलेले असतात. सापडले तर म्हणतात, वरून आदेश आहेत. वरच्याने आदेश तोंडी दिलेला असतो. सर्वांत वर गेलो तर शासन निर्णयाच्या तळाशी छापलेले असते, महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे ते योग्यच आहे. राज्याची कृती राज्यप्रमुखाच्या नावाने व्हायला हवी. पण विधवा पेन्शनची नस्ती चार महिने कपाटात ठेवायचे राज्यपालांनी ठरवलेले नसते. ते एका माणसाने, एका टेबलावर, एका दिवशी ठरवलेले असते. त्या माणसाला अंगठा लावावा लागत नाही.

हा असमतोल जुना आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खते आणि कर्जरोखे ओढून काढले आणि जाळले. खतात काय लिहिले आहे ते शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. ज्याला वाचता येत होते, तोच ते लिहीत होता. आठ वर्षांनी महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हाही लेखणी कोणाच्या हातात आहे हाच त्यांचा सवाल होता. दीडशे वर्षांत खत जाऊन दप्तर आले, दप्तर जाऊन सर्व्हर आला. नोंद करणाऱ्याचा हात अजून दिसत नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि असंख्य नस्त्या राख झाल्या. त्यात कोणते शेरे होते, कोणाच्या टिपण्या होत्या, हे आज कोणीही पूर्णपणे सांगू शकत नाही. कागद जळला की जबाबदारीही जळते.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळला, कारण त्यांच्या हाती दुसरे काही नव्हते. आमच्या हाती आहे. आम्हाला कागद जाळायचा नाही. तो कोणी लिहिला हे आम्हाला वाचायचे आहे.

याची अर्धी लढाई आमच्या आधीच्या लोकांनी जिंकून ठेवली आहे, हे आम्ही कृतज्ञतेने सांगतो. देशाचा माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी लागू झाला. महाराष्ट्राने त्याआधीच स्वतःचा केला होता. त्याच २००५ च्या नावाने राज्याचा दुसरा कायदा आहे. त्याचे पूर्ण नाव लांबलचक आहे. लोक त्याला दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात. कोणत्याही कर्मचाऱ्याने नस्ती सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवून ठेवू नये, असे तो सांगतो. २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा आला. त्याने सेवांना मुदती घातल्या, नकाराची कारणे लेखी द्यायला लावली, दोन अपिले आणि वर आयोग दिला, आणि कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड ठेवला. माहिती अधिकारात तर दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड आहे, तोही अधिकाऱ्याने स्वतः भरायचा.

हे कायदे वाचताना एक गोष्ट लक्षात येते. तिन्ही कायदे व्यक्तीवर बोट ठेवतात. शिक्षा कार्यालयाला होत नाही, पदाच्या पाटीला होत नाही. ती माणसाला होते. म्हणून तिन्ही कायद्यांचा पाय एकाच जागी अडकतो, तो माणूस कोण? सात दिवस मोजायचे तर नस्ती कोणाच्या टेबलावर कधी आली आणि कधी गेली हे ठाऊक हवे. बारनिशीतल्या नोंदवहीत आवक एक दिवस लिहिलेली, शेऱ्यावरची तारीख दुसरीच, मधले तीन आठवडे कोणाचेच नाहीत. आमच्यातल्या अनेकांनी अपिलाच्या सुनावणीत हे ऐकले आहे, संबंधित कर्मचाऱ्याची बदली झाली आहे, त्या काळात पद रिक्त होते, कार्यभार दुसऱ्याकडे होता, सर्व्हर बंद होता. यातले प्रत्येक उत्तर खरे असू शकते. पडताळायला काही नसते, म्हणून खरे आणि खोटे एकाच किमतीला विकले जाते. कायद्याला दात आहेत. चावायचे कोणाला हे त्याला कळत नाही.

ज्या यंत्रणेने आपले बोट ओळखले, तिला हेही ओळखता येते. तंत्र तेच आहे. दिशा फक्त फिरवायची आहे.

आम्ही मानतो की सत्तेच्या खुर्चीवर बसून केलेली कृती कोणाचीही खासगी गोष्ट नसते. तहसीलदाराचा आजार खासगी आहे, त्याचे घर खासगी आहे, त्याच्या मुलांची शाळा खासगी आहे. पण तहसीलदार म्हणून त्याने दिलेला नकार आमचा आहे, कारण त्याचे परिणाम आम्ही भोगतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की खासगीपण हा मूलभूत अधिकार आहे. तो माणसाचा अधिकार आहे, सत्तेपासून माणसाला वाचवणारा. सत्तेने तो पांघरून बसावे यासाठी तो दिलेला नाही. म्हणूनच २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये केलेला बदल आम्हाला धोक्याचा वाटतो. पूर्वी त्या कलमातच सार्वजनिक कामाशी असलेल्या संबंधाची आणि लोकहिताची कसोटी होती. बदललेल्या कलमात "व्यक्तिगत माहिती" एवढेच उरले. कलम ८(२) मधला लोकहिताचा दरवाजा अजून उघडा आहे, आणि आम्ही त्यातून जाणार आहोत. पण अधिकाऱ्याची सही ही व्यक्तिगत माहिती आहे असे उत्तर ज्या दिवशी आम्हाला मिळेल, त्या दिवशी आम्ही ते मान्य करणार नाही.

आम्ही मानतो की नागरिक जितका झाकलेला आणि सत्ता जितकी उघडी, तितके राज्य निरोगी. आज हे नेमके उलटे आहे.

आम्ही मानतो की नकारावरही सही असली पाहिजे. दिरंगाईवरही असली पाहिजे. हा आमच्या चळवळीचा गाभा आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो.

डिजिटल स्वाक्षरीला या देशात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिली. तिचे काम समजायला अवघड नाही. अधिकाऱ्याकडे एक गुप्त किल्ली असते आणि तिला जोडलेली एक जाहीर किल्ली सगळ्यांकडे असते. मजकुरावर गुप्त किल्लीने सही झाली की जाहीर किल्लीने कोणीही तपासू शकतो, ही सही याच किल्लीची आहे ना, आणि सहीनंतर मजकुरातला एक काना तरी बदलला आहे का. बदलला असेल तर सही जुळत नाही. कागदावरच्या सहीची नक्कल करता येते, सहीनंतर मजकूर बदलता येतो. इथे ते करायला गेले की उघडे पडते. आज पंधरा रुपयांत घरबसल्या मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा याच तंत्रावर चालतो. संकेतस्थळावर चढणारे शासन निर्णयही डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केलेले असतात आणि प्रत्येकाला स्वतःचा संकेतांक असतो. म्हणजे महाराष्ट्र सरकारला हे येते. रोज येते.

पण सही होते ती प्रवासाच्या शेवटी. दाखल्यावर सही असते. तो दाखला ज्या अडीच महिन्यांत मिळाला नाही, त्या अडीच महिन्यांवर कोणाचीच नसते. सातबाऱ्यावर सही असते. फेरफार ज्याने तीन वेळा परत पाठवला, त्याच्या तीन परतींवर नसते. लाभार्थ्यांची यादी जाहीर होते. तिच्यातून नाव काढणारा जाहीर होत नाही. सरकारने चांगल्या बातमीवर सही करायला शिकून घेतले आहे. वाईट बातमी अजून निनावी येते.

हे तंत्र वाटेच्या प्रत्येक टप्प्यावर लावता येते. अर्ज आला, कारकुनाने उघडला, अव्वल कारकुनाने टिपणी लिहिली, नायब तहसीलदाराने परत पाठवला. प्रत्येक हालचालीला करणाऱ्याची सही आणि यंत्राने घातलेली वेळ. त्या दिवसाच्या साऱ्या नोंदींपासून गणिताने एक छोटा आकडा काढता येतो. नोंदींतले एक अक्षर बदलले की तो आकडा पूर्ण बदलतो. हा आकडा रोज संध्याकाळी तहसीलच्या फलकावर लावला आणि वर्तमानपत्रात छापला, की कोणीही पुढे कधी जुन्या नोंदीला हात लावला तरी ते पकडले जाईल. यात स्वप्नरंजन काही नाही. श्युअरिटी नावाची अमेरिकन कंपनी १९९५ पासून 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत असा आकडा दर आठवड्याला छापत आली. त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत. ठरवावे लागते, एवढेच.

आणि फक्त निर्णयाची नव्हे, पाहण्याचीही नोंद हवी. एस्टोनिया हा सुमारे तेरा लाख लोकांचा देश. २००२ पासून तिथे डिजिटल ओळखपत्र दिले जाते. पण आम्हाला त्या कार्डाचे कौतुक नाही. कौतुक आहे ते तिथल्या नागरिकाला मिळणाऱ्या आरशाचे. आपली सरकारी नोंद कोणत्या खात्याने कधी उघडली हे त्याला घरी बसून दिसते. आपले आजारपण कोणत्या डॉक्टरने पाहिले हे रुग्णाला दिसते. कारण नसताना दुसऱ्याची माहिती उघडणारा अधिकारी शिक्षेला पात्र ठरतो, आणि आपण दिसणार आहोत हे त्याला ठाऊक असते. २०१७ साली त्यांच्या साडेसात लाखांच्या आसपास कार्डांच्या चिपमध्ये गंभीर दोष निघाला. सरकारने तो लपवला नाही. देशाला सांगितले, कार्डांची प्रमाणपत्रे थांबवली, दुरुस्त केली. आम्ही त्या तंत्रापेक्षा त्या कबुलीवर जास्त विश्वास ठेवतो.

आपल्याकडे काय दिसते? आधारच्या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत आपली पडताळणी कधी झाली याची यादी मिळते. त्यात संस्थेचे नाव दिसते. कोणत्या माणसाने केली आणि कोणत्या निर्णयासाठी केली, हे दिसत नाही. खिडकी आहे, पण तिला अर्धीच काच आहे.

आता प्रामाणिक कर्मचाऱ्यांबद्दल, कारण ते हे वाचत असतील आणि त्यांना भीती वाटत असेल. ही चळवळ तुमच्याविरुद्ध नाही. तोंडी आदेश पाळून लेखी दंड भरणारे तुम्ही आहात. दोनतीन सजांचा भार एका तलाठ्यावर आहे आणि गावातला राग मात्र त्याच्या एकट्याच्या वाट्याला येतो. वरच्याचा फोन आला म्हणून खालच्याने फाइल थांबवली, चौकशी खालच्याची झाली, हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त पाहिले आहे. प्रत्येक पायरीवर सही आली की फोनवरचा आदेश चालणार नाही. थांबवायचे असेल तर थांबवणाऱ्याला स्वतःची किल्ली वापरावी लागेल. रिक्त पद रिक्त म्हणून दिसेल. एका माणसावर तिघांचे काम आहे हे तालुक्याला कळेल. ज्या नोंदीने आळशी पकडला जातो, त्याच नोंदीने कामसू सुटतो. एक अट मात्र आम्ही सोडणार नाही. अधिकाऱ्याच्या डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल ऑपरेटरच्या खणात आणि पिन त्याच्या वहीत, ही पद्धत बंद झाली पाहिजे. दुसऱ्याच्या हाती दिलेली सही ही खोटी सही आहे, मग ती गणिताने कितीही खरी ठरो.

आणि नागरिकांबद्दल. टेंभलीला आधार आले त्याच वर्षी, १३ जानेवारी २०१० रोजी, तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी यांचा खून झाला. माहितीच्या अधिकारातून जमिनीच्या व्यवहारांतले गैरप्रकार ते उजेडात आणत होते. एकाच वर्षात, एकाच राज्यात, सरकारने गरिबाला ओळख दिली आणि सवाल विचारणाऱ्याची ओळख त्याच्या जिवावर उठली. माहितीच्या अर्जावर नाव आणि पत्ता द्यावा लागतो. तो पत्ता किती हातांतून जातो, हे अर्जदाराला कळत नाही.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. सत्तेची ओळख पूर्ण दिसावी. सवाल करणाऱ्याची हवी तेवढीच दिसावी. मी या तालुक्याचा मतदार आहे, मी या योजनेचा लाभार्थी आहे, माझी जमीन या गटात आहे, एवढे सिद्ध करून नाव झाकून ठेवता येईल असे तंत्र आज जगात आहे. युरोपीय संघाने २०२४ साली डिजिटल ओळखीचा जो नवा नियम केला, त्यात हवी तेवढीच माहिती दाखवण्याची सोय बंधनकारक आहे. तक्रार खऱ्या माणसाची आहे हे सरकारला कळेल. तो माणूस कोणत्या गल्लीत राहतो हे ठेकेदाराला कळणार नाही. हे आम्ही आमच्यासाठी मागत आहोत, आणि जे मागता मागता गेले त्यांच्यासाठीही.

आता आम्ही काय करणार आहोत.

आम्ही नवे कार्ड मागणार नाही. नवे बायोमेट्रिक मागणार नाही. नागरिकाकडून आणखी एक ठसा घेणारी कोणतीही योजना आमच्या नावाने आली तर तिला आमचाच पहिला विरोध असेल. ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याला प्रत्येक नोंद छापील मिळाली पाहिजे, ज्याला वाचता येत नाही त्याला ती वाचून दाखवली पाहिजे. यावर तडजोड नाही.

आम्ही मसुदा लिहू. लोकसेवा हक्क कायद्यात एक दुरुस्ती पुरेशी आहे, अर्जावरची प्रत्येक हालचाल करणाऱ्याच्या डिजिटल स्वाक्षरीने नोंदली जाईल, ती नोंद अर्जदाराला त्याच्या अर्ज क्रमांकावर दिसेल, आणि सही नसलेला नकार कायद्याच्या दृष्टीने नकारच नसेल. मुदत संपेपर्यंत सही झाली नाही, तर ज्याच्या टेबलावर अर्ज उभा आहे त्याचे नाव आपोआप पहिल्या अपिलाच्या कागदावर येईल. नागरिकाने ते शोधत फिरायचे नाही. हा मसुदा आम्ही विधानसभेच्या प्रत्येक सदस्याच्या हाती देऊ, आणि कोणी तो वाचला, कोणी परत पाठवला, कोणी उत्तर दिले नाही, हे मतदारसंघाच्या गावागावांत नावानिशी सांगू.

आम्ही चावडी वाचन पुन्हा सुरू करू. २०१७ साली सरकारने संगणकीकृत सातबारा गावात मोठ्याने वाचून दाखवला आणि लोकांनी चुका सांगितल्या. तीच रीत आम्ही निर्णयांना लावू. या महिन्यात आपल्या गावाचे किती अर्ज तालुक्याला गेले, किती सुटले, किती कोणाच्या टेबलावर उभे आहेत. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ साली कोटकिराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. तिथे हजेरीपट आणि बिले लोकांसमोर वाचली गेली आणि न झालेल्या कामांची मजुरी उघड झाली. वाचून दाखवलेल्या कागदापुढे खोटे बोलणारा घाबरतो, हे तिथल्या मजुरांनी देशाला शिकवले. माहिती अधिकाराचा कायदा त्या वाचनातून जन्माला आला.

आम्ही कायदा व्हायची वाट पाहणार नाही. माहिती अधिकाराच्या कलम ४(१)(घ) प्रमाणे ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला निर्णयाची कारणे सांगणे सरकारवर आजच बंधनकारक आहे. कलम ४(१)(ख) प्रमाणे अधिकाऱ्यांची नावे, कर्तव्ये आणि निर्णय घेण्याची पद्धत आजच जाहीर हवी. म्हणून आजपासून आमच्यातला प्रत्येक जण आपल्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी एक ओळ लिहील, "या अर्जावर निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, पद, दिनांक आणि निर्णयाची कारणे डिजिटल स्वाक्षरीसह कळवावीत." एकाने लिहिली तर ती विनंती ठरेल. एका तालुक्याने लिहिली तर तहसीलदाराला वरिष्ठांना विचारावे लागेल. एका जिल्ह्याने लिहिली तर परिपत्रक निघेल, आणि त्या परिपत्रकावर सही असेल.

आम्ही तंत्रज्ञांना हाक देतो. पुण्यात, नाशकात, बेंगळुरूत, बे एरियात आणि लंडनमध्ये मराठी घरांतली मुले जगभरच्या बँकांसाठी याच किल्ल्या आणि याच नोंदी रचत आहेत. आम्हाला तुमचे शनिवार हवे आहेत. सही तपासणारे एक साधे साधन, गावच्या सेवा केंद्रातल्या जुन्या संगणकावरही चालणारे, मराठीत बोलणारे, कोणाच्या मालकीचे नसलेले, सगळ्यांना उघडून पाहता येईल असे. ते कसे चालते हे दहावी झालेल्या मुलीला समजले पाहिजे, कारण ते गावात तीच चालवणार आहे.

आणि आमच्यात कोणी कोणाच्या वतीने बोलायचे, याचा नियम आम्ही जुन्या पुण्याकडून घेतला आहे. २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा उभी राहिली, तेव्हा तिच्या संस्थापकांनी एक अट घातली होती, ज्याच्यामागे किमान पन्नास नागरिकांनी सही केलेला मुखत्यारनामा आहे, तोच सभासद. परक्या सरकारने विचारले, तुम्ही कोणाचे प्रतिनिधी? तर त्यांच्याकडे कागद होता. आमचेही तेच. या चळवळीत पद नाही, देणगीवर सभासदत्व नाही, व्यासपीठावर खुर्ची नाही. पन्नास माणसांनी ज्याला आपल्या वतीने सवाल विचारायला सांगितले आहे, तो आमचा कार्यकर्ता. त्या पन्नास जणांना तो दर तीन महिन्यांनी हिशेब देईल, स्वतःच्या सहीने.

मुखत्यारनाम्याचा छापील कागद या जाहीरनाम्यासोबत जोडला आहे. त्यावर पन्नास ओळी आहेत. पहिल्या ओळीवर तुमचे नाव आणि गाव लिहा, दुसरीसाठी शेजारच्या घरी जा.